तिशीनंतरच्या मुरुमांसाठी पहिल्यांदाच त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय 32, पुण्यात नोकरी. कॉलेजात असताना चेहरा अगदी स्वच्छ होता. गेल्या दोनेक वर्षांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे, गाठीसारखे मुरूम येतात, पाळीच्या आधी वाढतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. मेडिकलमधून आणलेल्या एका क्रीमने सुरुवातीला छान फरक पडला, आता ते दोन दिवस लावलं नाही की चेहरा लाल होऊन आग होते. पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची पहिली अपॉइंटमेंट आहे. तिथे काय होतं, काय विचारतात, गरम पडणाऱ्या गोळ्या देतील का, आणि वर्षभरात मूल होऊ द्यायचा विचार आहे, तर ते सांगायची गरज आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. हो, सांगायचं. आत गेल्यावर पहिल्या दोन-चार वाक्यांतच सांगायचं. डॉक्टर विचारतीलच म्हणून थांबू नका, गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जाऊ शकतो. मुरुमांवरची बरीच गुणकारी औषधं गर्भारपणात चालत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन तर अजिबात नाही. हे व्हिटॅमिन ए पासून बनवलेलं औषध आहे, 1982 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि हट्टी मुरुमांवर त्याच्या तोडीचं दुसरं काही अजून नाही. पण पोटातल्या बाळाला त्याने गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करतात, आणि सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून ते बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधन काटेकोर पाळावं लागतं. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि हार्मोनचा परिणाम कमी करणारं स्पायरोनोलॅक्टोन, याही गोळ्या गर्भारपणात देत नाहीत. रात्री लावायचं ॲडापलिन जेल रक्तात फारच थोडं उतरतं, तरीही खबरदारी म्हणून तेसुद्धा आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बंद करायला सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण या गोळीबद्दल घराघरांत एक भीती पक्की बसलेली आहे की ती घेतली की पुढे मूल होत नाही. तसं नाही. औषध शरीरातून निघून जातं. बंद केल्यानंतर एक महिना सोडला की गर्भधारणेचा विचार करता येतो. कोर्सचा पुढच्या जननक्षमतेवर परिणाम राहत नाही. तुम्हाला अजून वर्षभर थांबायचं असेल, मुरूम खोल असतील आणि खड्डे पडायला लागले असतील, तर सहा-आठ महिन्यांचा कोर्स आधी पुरा करून मग मुलाचा विचार करणं हा एक रीतसर मार्ग आहे. चार महिन्यांतच प्रयत्न सुरू करायचे असतील, तर ही गोळी विसरायची आणि ॲझेलेइक ॲसिडसारखी गर्भारपणातही चालणारी औषधं निवडायची. मुरूम तेच असूनही चिठ्ठी पूर्ण वेगळी होते. म्हणून मी म्हणते की पहिल्या भेटीत चेहरा जेवढा सांगतो, त्याच्याहून जास्त तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवर उपचार ठरतात.

यात एक अडचण नेहमी येते. बाई खुर्चीत बसते, शेजारी सासूबाई नाहीतर आई असते, आणि पाळीबद्दल विचारलं की उत्तर शेजारून येतं: "वेळेवर येते हो तिची." बाई खाली बघत राहते. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, मध्ये गर्भपात झाला आहे का, मूल हवं आहे की अजून नको, हे सगळं त्या खुर्चीत बसून खरं सांगता येत नाही. शक्य असेल तर आत एकटीने जा. नसेल, तर "मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय" असं डॉक्टरांना सरळ म्हणा. कुठलाही चांगला डॉक्टर सोबतच्यांना बाहेर बसायला सांगेल. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे.

आता त्या क्रीमबद्दल. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण वर्णन वाचून मला काळजी वाटली. लावलं की आठवड्यात चेहरा उजळतो, मुरूम बसतात, सोडलं की लाली, आग आणि आधीपेक्षा जास्त पुरळ. हे स्टिरॉइड असलेल्या मलमाचं अगदी ओळखीचं वागणं आहे. ट्यूब हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. त्याच्यासोबत बऱ्याचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. हे तिन्हींचं मिश्रण मुळात वांगाच्या डागांवर, तेही थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. आपल्याकडे ते गोरेपणाचं क्रीम म्हणून पार्लरमधून, मैत्रिणीकडून, मेडिकलच्या काउंटरवरून सर्रास फिरतं. महिनोन्‌महिने लावल्यावर चेहऱ्याची कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि एकाच आकाराचे, एकाच वेळी उगवलेले पुरळ येतात. हा प्रकार आपल्या देशात इतका आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने लावायच्या अनेक स्टिरॉइड औषधांना शेड्यूल एच मध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. प्रत्यक्षात ती अजूनही मिळतात.

यात तुमचा दोष नाही. तुम्ही फरक पडला म्हणून वापरलं, कोणीही वापरलं असतं. फक्त ते क्रीम डॉक्टरांपासून लपवू नका. लपवलं तर डॉक्टर साधे मुरूम समजून ॲडापलिन लिहून देतील, आधीच पातळ झालेल्या कातडीवर ते लागेल, चेहरा सोलवटून निघेल आणि तुम्ही म्हणाल की या डॉक्टरांचं औषध मला सोसलं नाही. ट्यूब दाखवली तर क्रम बदलतो. आधी स्टिरॉइडपासून सुटका करायची. ते थेट थांबवायचं की हळूहळू कमी करायचं, हे किती दिवस लावलं आणि किती जोरदार आहे यावर ठरतं. सोबत सौम्य क्लेंझर, मॉइश्चरायझर, दाह कमी करणारं बिनस्टिरॉइडचं मलम, कधी तोंडाने काही आठवडे गोळी असं चालतं. बंद केल्यावरचे पहिले दोन-चार आठवडे चेहरा बिघडल्यासारखा दिसतो. त्या दिवसांत पुन्हा ट्यूबकडे हात जाऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवते. अपॉइंटमेंट आठवड्यावरच आहे, तर तोवर नवीन काही सुरू करू नका आणि ते क्रीम वाढवूही नका.

कुणाकडे जायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण पाटीवर काय बघायचं ते सांगून टाकते. एमडी डर्मेटॉलॉजी, डीएनबी किंवा डीडीव्ही, डीव्हीडी अशा पदव्या त्वचेच्या शिक्षणाच्या आहेत. पदवीमागे डीव्हीएल असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हा आपल्याकडे एकच अभ्यासक्रम आहे. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत विभागाच्या दारावर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून अनेक बाया परत फिरतात. फिरू नका. ससूनला किंवा मुंबईत केईएम, नायर, सायनला केसपेपर काढून तपासून घेतलं तरी मुरुमांची औषधं तीच आणि तितकीच चांगली मिळतात. वेळ जास्त जातो, एवढंच. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'स्किन एक्स्पर्ट' लिहिलेलं असेल तर मूळ पदवी विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, फेसवॉश, सिरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एका पिशवीत भरून न्या. अर्धवट संपलेल्या, पिळून गुंडाळलेल्या, झाकण हरवलेल्यासुद्धा. नाव आठवण्यापेक्षा वस्तू दाखवणं सोपं. चालू असलेल्या गोळ्यांचे फोटो न्या: थायरॉइडची, झोपेची, मानसोपचाराची, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, वजन वाढवायची, जिमची प्रोटीन पावडर. लिथियम, फिट्सवरचं फेनिटॉइन, टीबीवरचं आयसोनिआझिड, बी 12 ची इंजेक्शनं यांनीही पुरळ येऊ शकतात. हार्मोन सोडणारी तांबी बसवल्यावर किंवा नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गर्भनिरोधकावर मुरूम वाढलेले मी पाहिले आहेत, आणि त्या बाईला तांबीचा आणि चेहऱ्याचा काही संबंध असेल हे सुचलेलंही नसतं. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. आणि मोबाइलमध्ये चेहरा सर्वात वाईट दिसत होता त्या दिवसाचा फोटो ठेवा, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेला. नेमकं अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा बरा असतो, हे फार जणींचं होतं.

आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्सिंग करून जाऊ नका. मेकअप लावून जाऊ नका. लावलाच असेल तर ते तिथे पुसायला सांगतील. हनुवटीवरचे जाड केस उपटत असाल तर आठवडाभर तसेच राहू द्या. लाज वाटेल, समजू शकते. पण ते केस निदानाचा भाग आहेत.

तपासणी स्वतःच फार वेळ घेत नाही. डॉक्टर चेहरा उजेडात बघतात, मान वळवून जबड्याची कड बघतात, गालाची कातडी दोन बोटांनी ताणतात. ताणल्यावर बंद तोंडाचे बारीक दाणे उठून दिसतात; हे दाणे असतील तर मुरूमच, असा अंदाज बळावतो. दाणे एकही नाहीत, नुसती लाली आणि उन्हात, गरम चहाने गाल तापतात, तर रोसेशियाचा, म्हणजे चेहरा लाल होण्याच्या वेगळ्या विकाराचा विचार होतो. तोंडाभोवती बारीक पुरळ, ओठांलगतची एक कड मात्र मोकळी, असं दिसलं तर पुन्हा त्या स्टिरॉइड क्रीमकडे बोट जातं. कपाळावर, छातीवर, पाठीवर सारख्या आकाराचे, खाजणारे पुरळ बऱ्याचदा यीस्टमुळे येतात आणि अँटिबायोटिकने आणखी वाढतात. म्हणून "खाज येते का?" हा साधा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पाठ आणि छातीही दाखवायला सांगतील, तर सोयीचे कपडे घालून जा. मानेच्या मागे कातडी काळसर, मखमलीसारखी झाली आहे का तेही बघतात. ते मळाने होत नाही. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

मोठेपणी मुरूम का येतात, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. तेलग्रंथी अँड्रोजेन नावाच्या हार्मोन्सच्या इशाऱ्यावर तेल बनवतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून राहतात, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि दाह होतो. बाईच्या रक्तातली हार्मोन्स अगदी नॉर्मल असूनही तिच्या तेलग्रंथी त्यांना जास्त प्रतिसाद देत असतील तर हनुवटीवर मुरूम येतातच. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तर "मग मला होतंय काय?" असं घाबरून जाऊ नका.

सगळ्यांना रक्ततपासणी लागत नाही. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर जाते, हनुवटीवर-छातीवर पुरुषी केस येतात, डोक्यावरचे केस भांगात विरळ होतात, वजन वाढतंय, असं काही सोबत असेल तर टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, टीएसएच या हार्मोनच्या चाचण्या, साखर आणि पोटाची सोनोग्राफी सांगतात. हार्मोनच्या चाचण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात केलेल्या बऱ्या, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केल्या तर आकडे फसवतात. नुसत्या सोनोग्राफीत बीजकोशावर बारीक गाठी दिसल्या म्हणून पीसीओडी ठरत नाही. अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि तशी दुसरी कारणं वगळावी लागतात. तुमच्या पाळीबद्दल तुम्ही 'आधी वाढतात' एवढंच लिहिलं आहे. पाळी नियमित असेल तर तो एक दिलासा आहे. मात्र काही महिन्यांत अचानक खूप मुरूम, आवाज घोगरा होणं, पाळी बंद होणं, केस झपाट्याने वाढणं असं झालं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

औषधांपैकी ॲडापलिनवर जरा जास्त लिहिते, कारण प्रौढ मुरुमांच्या बहुतेक चिठ्ठ्यांत ते असतं आणि ते चुकीचं लावल्याने जितक्या जणी उपचार सोडतात तितक्या दुसऱ्या कशाने सोडत नाहीत. रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुवायचा, टॉवेलने टिपायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल घ्यायचं. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके लावून पातळ पसरायचं. नुसत्या मुरमावर टिकलीसारखं लावायचं नाही. आज दिसणारा मुरूम आत काही आठवडे आधीच सुरू झालेला असतो, आणि हे जेल पुढचे मुरूम अडवायला आहे. डोळ्यांचे कोपरे, नाकपुडीच्या घड्या, ओठांच्या कडा सोडायच्या. सुरुवातीला दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, आणि कातडी सरावली की रोज. मॉइश्चरायझर आधी लावलं तरी चालतं. नाजूक कातडीला मी आधी आणि नंतर दोन्ही वेळा सांगते.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत कातडी कोरडी पडते, सालपटं निघतात, आणि मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात. इथेच बहुतेक जणी ट्यूब फेकतात. आग होत असेल तर दोन-तीन दिवस थांबा, मॉइश्चरायझर वाढवा, मग पुन्हा कमी वेळा सुरू करा. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांत कळतो. वॅक्सिंग करायचं असेल तर आधी आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते. तुमच्या बाबतीत, स्टिरॉइडचा प्रश्न मिटेपर्यंत डॉक्टर हे जेल कदाचित लगेच देणार नाहीत, आणि मुलासाठी प्रयत्न सुरू कराल तेव्हा बंद करायला सांगतील.

बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के सकाळी किंवा धुऊन टाकायच्या पद्धतीने देतात. औषध चांगलं आहे, पण टॉवेल, अभ्रा, रंगीत ओढणी यांचा रंग खातं. पांढरा टॉवेल वापरा. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं महिनोन्‌महिने लावत राहू नका, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. ते पेरॉक्साइडच्या जोडीने द्यायचं असतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी सहसा तीन महिन्यांपलीकडे नेत नाहीत. ती पोटभर खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. त्या दिवसांत ऊनही जास्त बाधतं.

हनुवटीच्या, पाळीबरोबर वाढणाऱ्या मुरुमांवर स्पायरोनोलॅक्टोन फार उपयोगी पडतं. मूळचं ते रक्तदाबाचं आणि लघवी वाढवणारं औषध. मेडिकलवाला "ताई, ही बीपीची गोळी आहे, तुम्हाला कशाला?" असं विचारेल, तेव्हा गोंधळू नका. पाळी मागेपुढे होणं, स्तन हुळहुळणं असे त्रास होऊ शकतात. त्याच्यावर असताना गर्भधारणा होता कामा नये, म्हणून बऱ्याचदा गर्भनिरोधक गोळीच्या सोबत देतात. त्या गोळ्या एकट्यानेही मुरूम कमी करतात, पण सिगारेट ओढणाऱ्या पस्तिशीपुढच्या स्त्रिया, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्या, डोळ्यांपुढे चमकण्यासह अर्धशिशी असलेल्या, यांना त्या देत नाहीत. ही माहितीसुद्धा तुम्हीच सांगायची.

'गरम गोळ्या' म्हणून ज्यांची धास्ती असते त्या बहुधा आयसोट्रेटिनॉइनच. ओठ फुटतात, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. लिप बाम खिशात ठेवायचा. डोळे कोरडे पडतात, नाकातून कधी रक्ताचा थेंब येतो, व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू दुखतात. चरबी आणि लिव्हरची रक्ततपासणी सुरुवातीला आणि मधून करतात. जेवणाबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जाते. घरी आधीपासून नैराश्याचा त्रास असेल किंवा औषध चालू असताना मन फार खिन्न होऊ लागलं, तर तेही सांगायचं. ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. नीट देखरेखीत हे औषध देताना मला संकोच वाटत नाही. चेहऱ्याला कायमचे खड्डे पडू देणं हे जास्त नुकसानीचं आहे.

खाण्याबद्दल तुमच्या घरी नक्कीच काहीतरी बंद केलेलं असणार. तळलेलं बंद, वांगं बंद, उष्णतेचं बंद, पोट साफ होण्यासाठी रात्री चूर्ण. तेलकट खाल्ल्याने चेहऱ्यावर तेल येतं, याला आधार नाही. पोट साफ नसल्याने मुरूम येतात, यालाही नाही. आधार थोडाफार आहे तो साखर-मैद्याच्या पदार्थांना, म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या खाण्याला, आणि काही जणांत दुधाला, त्यातही साय काढलेल्या दुधाला आणि व्हे प्रोटीनला. दिवसात चार कप गोड चहा आणि सोबत बिस्किटं असतील तर तिथून सुरुवात करा. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर उगाच दूध सोडून बसू नका. मूल हवं असताना तर नाहीच.

डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर कपाळावरच्या पुरळांशी तिचा थेट संबंध असतो. तेल लावायचंच असेल तर धुण्याच्या तास-दोन तास आधी लावा. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी कातडी भाजते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या कातडीवर प्रत्येक भाजलेल्या जागेचा काळा डाग होतो. मुरूम फोडल्यावरही तेच.

डागांबद्दल घाई नको. सपाट काळा डाग आणि खड्डा या वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट डाग मुरूम थांबले, सनस्क्रीन रोज लावलं आणि ॲझेलेइक ॲसिड किंवा ॲडापलिन चालू राहिलं तर काही महिन्यांत फिकट होत जातात. तेलकट कातडीला जेल स्वरूपातलं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन घ्या. खड्डे क्रीमने भरत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), सबसिजन (खड्ड्याखालचे तंतू सुईने सोडवणं), टीसीए (खड्ड्यात ॲसिड लावणं), लेझर असे उपाय आहेत, पण नवे मुरूम यायचे थांबल्यावरच. म्हणून पहिल्याच भेटीत सहा पील (ॲसिडने कातडीचा वरचा थर सोलणं) आणि चार लेझरचं पॅकेज, "आज भरलं तर सवलत" असं कुणी म्हणालं, तर पैसे भरू नका. घरी जाऊन विचार करते म्हणा. पील चांगलं असू शकतं, पण ते औषधांच्या जोडीला. आणि तुमच्या स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर तर आत्ता अजिबात नको.

बाहेर पडण्याआधी तीन-चार गोष्टी विचारून घ्या: तुमच्या मते हे नक्की काय आहे, कुठलं औषध कधी आणि किती लावायचं, काय झालं तर लगेच फोन करायचा, आणि मुलाचा विचार सुरू केल्यावर यातलं काय बंद करायचं. उत्तरं चिठ्ठीच्या मागे तिथेच लिहून घ्या. महिन्याचा खर्च झेपणारा नसेल तर तेही बोला. त्याच औषधाचं स्वस्त जेनेरिक बऱ्याचदा मिळतं, आणि न परवडणारी पाच प्रॉडक्ट्स अर्धवट वापरण्यापेक्षा परवडणारी दोन नियमित वापरलेली कितीतरी बरी. चेहऱ्यामुळे तुम्ही लग्नकार्यं टाळायला लागला असाल, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसत असाल, तर ते सांगण्यासारखं आहे. मुरूम मोजून पाच असले तरी त्यामुळे जगणं आखडलं असेल, तर डॉक्टर उपचार त्या हिशेबाने ठरवतात.

दुसरी भेट साधारण सहा ते आठ आठवड्यांनी असते. तिला जाताना पुन्हा तीच पिशवी न्या. दोन महिन्यांनी ट्यूब किती संपली आहे त्यावरून डॉक्टरांना कळतं की औषध कमी पडलं की कमी लावलं गेलं. कमी लावलं असेल तर तसंच सांगा: आग व्हायची म्हणून सोडलं, रात्री दमून झोप लागायची, घरच्यांनी नको म्हटलं. मग औषध बदलण्याऐवजी लावायची पद्धत बदलून बघता येते.